उठवणाऱ्याला उठवायचं कसं

आबांच्या पलंगाच्या पायाशी एक कागद लटकवलेला होता. त्यावर सिस्टरनं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘नॉट राउझेबल’. मी शिरूरच्या एका हायस्कुलात वीस वर्षं इंग्रजी शिकवते. उठणं, उठवणं, जागं होणं, जागं करणं, सगळी क्रियापदं फळ्यावर इतक्यांदा लिहिली आहेत की आता हात आपोआप चालतो. हे एक तेवढं राहून गेलं होतं. पाठ्यपुस्तकात ते कधी आलंच नाही. आलं ते असं, दौंडच्या दवाखान्यात, वडिलांच्या पायाशी.

अर्थ कळला नाही असं नाही. उठवूनही न उठणारा. पण तो कागद मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा तरी असणार, कागदांची अदलाबदल झाली असणार. कारण माझ्या बापानं अर्धं दौंड उठवलेलं होतं.

हे मी वाढवून सांगत नाही. आबा रेल्वेत कॉलबॉय होते. निवृत्त झाले तेव्हा साठीचे होते, तरी बॉयच. आई त्यावरून त्यांना फार छळायची. "आला बघा आमचा बॉय, दाढी पांढरी झाली तरी मोठा व्हईना," म्हणायची. काम एवढंच, की ज्या ड्रायव्हरची गाडी असेल त्याच्या घरी सायकलवर जायचं, त्याला झोपेतून उठवायचं, कुठली गाडी, किती वाजता ते सांगायचं आणि कॉलबुकात त्याची सही घ्यायची. गाड्यांना दिवस काय नि रात्र काय, त्यामुळं ड्रायव्हर लोक भर दुपारीही गाढ झोपलेले असायचे. आता प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल आला आणि ते कामच गेलं. पण तेव्हा सही नसली तर ड्रायव्हर उठला असं कुणी मानत नसे. आबा तर सहीवरही विश्वास ठेवत नसत.

"सही झोपंत बी करत्यात," ते म्हणायचे. "दोन्ही पाय फरशीवर टेकलं, की मग आपलं काम झालं."

आमचं घर मूळचं निमोण्याकडचं, मेंढरांमागं हिंडणारं. आजोबांनी मेंढरं विकून शेती धरली, आबांनी शेती सोडून रेल्वे धरली. पण उठवायची रीत आबांनी मेंढरांकडूनच आणलेली. कळप उठवायचा तर एकाही मेंढराला हात लावायचा नाही. एक दचकलं की सगळी उधळतात. थोडं लांब उभं राहून हलक्या आवाजात, एका सुरात बोलत राहायचं. माणसाचंही तेच. हात लावायचा नाही, डोळ्यांवर उजेड मारायचा नाही, पायाकडच्या बाजूला उभं राहायचं. आणि नावानं हाक तर अजिबात मारायची नाही.

"नावानं हाक मारली की त्याला वाटतं बायको बोलावती," आबांचं म्हणणं. "व्हय व्हय करतंय आन् कूस बदलतंय. त्याला त्याचं काम सांगायचं. काम सांगितलं की माणूस आतनं हालतो."

मला नि माझ्या धाकट्या भावालाही ते असंच उठवायचे. पायथ्याशी उभं राहून म्हणायचे, "सातची शाळा. सहा वाजले. सही करा." आणि उजवा तळहात पुढं करायचे. आम्ही डोळे मिटूनच त्या तळहातावर बोटानं आपापलं नाव गिरवायचो. सायकलच्या मुठींनी त्या हाताला घट्टे पडलेले होते, बोट अडखळत जायचं. मग पुढचा हुकूम यायचा, "पाय खाली." पाय फरशीला लागल्याशिवाय ते जागचे हलायचे नाहीत. मला याचा भयंकर राग यायचा. थंडीच्या दिवसांत ती शहाबादी फरशी बर्फासारखी गार असायची. एकदा मी चिडून म्हणाले, "मी काय इंजिन चालवणार हाय का?" तर म्हणाले, "नसंना का. तुझी बी गाडी सुटंलच की."

आता ज्या घरात बाप सगळ्यांच्या आधी उठलेला असतो, त्या घरात बापाला उठवायची वेळच कुणावर येत नाही. आमच्यावर कधी आली नव्हती. आबा भावाकडं दौंडातच राहतात. मागच्या आठवड्यात एका सकाळी भावजयीचा फोन आला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. "ताई, आबा अजून झोपलेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती की नवल, मला ओळखू आलं नाही. मागून भाऊ बोलत होता, "जन्मभर लोकांच्या झोपा मोडल्या त्यांनी. झोपू दे की जरा." मला ते फार पटलं. वर्गात सूचना द्यावी तशी मी ठणकावून सांगितलं, "अजिबात उठवू नका. झोपू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशीही ते झोपलेलेच होते. मध्ये एकदा भावजयीनं चमच्यानं पाणी पाजलं, ते अर्धं गालावरून ओघळलं. आम्ही त्याचंही कौतुक केलं. मी शाळेत दोघीतिघींना हसत सांगितलं, आमचे आबा उभ्या जन्माची झोप एकदम काढतायत. दीड दिवस आम्ही हे कौतुक करत बसलो. मग भावानं अंथरूण ओलं झालेलं पाहिलं, आबांना बसतं करायला गेला, तर मान खाली पडली.

डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. म्हाताऱ्या माणसांत होतं असं, त्यानं ग्लानी येते. मग चष्म्यावरून आमच्याकडं बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही उठवून बघितलं नाहीत?" भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी भिंतीकडं. काय सांगणार? उठवू नका असं मीच सांगितलं होतं म्हणून?

सलाईन सुरू झालं. मी रोज शाळा करून शिरूरहून एसटीनं दौंडला जायला लागले. तिसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळीच निघाले. वाटेत इनामगावची पाटी लागते. तिथं फार जुनी वस्ती उकरून काढलेली आहे. आम्ही शाळेची सहल नेतो तेव्हा मुलांना सांगतो, की ती माणसं मेलेल्याला घरातच जमिनीखाली पुरायची आणि पुरण्याआधी त्याचे पाय घोट्यापासून तोडायची. मेलेला उठून परत चालत येऊ नये म्हणून, असं म्हणतात. हे मी आबांना सांगितलं होतं तेव्हा त्यांनी आधी आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी त्यांचा कॉल निघाला तर पंचाईतच की. पाय कुठनं टेकवायचं त्यांनी?" त्या दिवशी बस तिथून गेली तेव्हा मला हसू आलं. मी शेजारच्या बाईकडं पाठ करून खिडकीतून उसाकडं बघत राहिले.

डॉक्टर सकाळची राउंड घेऊन जाता जाता म्हणाले, "सोडियम वर येतंय. खरं तर एव्हाना हे जागे व्हायला हवे होते. संध्याकाळपर्यंत राउझेबल झाले नाहीत तर मी इथं ठेवू शकणार नाही. पुण्याला न्या, कदाचित श्वासाची नळी घालावी लागेल."

भाऊ एमआयडीसीत कामाला आहे. सेकंड शिफ्टला रजा टाकून आला होता. डॉक्टर गेल्याबरोबर तो म्हणाला, "पुणं न्हाई. घरी."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हंजी घरी. आबांनीच सांगितलं हुतं, मला नळ्या घालू नका. तुझ्यापुढंच म्हणाले हुते."

म्हणाले होते खरे. शेजारचे एक म्हातारे पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर नळ्यांत पडून गेले, तेव्हा म्हणाले होते. पण ते जागेपणी, चहा पिताना म्हणाले होते. आता विचारलं असतं तर काय म्हणाले असते कुणाला ठाऊक. मी पुण्याला न्यायचं म्हणत होते, आणि त्यात आबांसाठी किती आणि माझ्या त्या फोनवरच्या वाक्यासाठी किती, हेही मला कळत नव्हतं. भावानं पाच वाजता घरी न्यायला गाडी सांगून टाकली. मी त्याच्याशी बोलायचं बंद केलं.

व्हरांड्यात बसून मी मोबाइलवर शब्दकोश उघडला. काय करणार, मास्तरीण बाई, दुसरं येतं काय? तिथं जे वाचलं त्यानं डोक्याचा पार भुगा झाला. ‘राउझ’ हे क्रियापद आधी म्हणे शिकारीच्या ससाण्याचं होतं. हातावर बसलेला ससाणा सगळं अंग फुलवून पिसं झाडतो, त्याला हा शब्द. मग तो झाडीत दडलेल्या हरणाला हुसकून बाहेर काढण्याला लागला. झोपलेल्या माणसापर्यंत यायला त्याला आणखी बराच काळ लागला. आणि या सगळ्याच्या आधी तो आला कुठून, तर तिथं कोशानं सरळ हात वर केले होते. मूळ नक्की माहीत नाही.

मग आबांच्या कागदावर यातलं कुठलं लिहिलं होतं? ससाण्यानं पिसं आपली आपण झाडायची, त्यात दुसऱ्याचं काम नाही. हरणाला मात्र दुसराच कुणी तरी हुसकतो, आणि हुसकतो ते मारायला. आबांनी आपल्या आपण उठायचं होतं आणि ते उठत नव्हते, की आम्हाला हुसकता येत नव्हतं? चूक कुणाची? मला सिस्टरचा, शब्दकोशाचा, इंग्रजीचा, सगळ्यांचा एकदम राग आला. त्या शब्दाचं मूळ सापडलं असतं तर आबा उठले असते असं थोडंच आहे. पण त्या दुपारी मला तसं वाटत होतं खरं. मी आणखी दोन कोश उघडून पाहिले.

चारच्या सुमाराला चाचा आले. हे मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर, दौंडातच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुसलमान घरातले. आबांनी त्यांना वर्षानुवर्षं उठवलेलं, आणि निवृत्तीनंतर दोघं रोज संध्याकाळी चहाच्या गाड्यावर भेटायचे. काठी टेकत आत आले तेव्हा सिस्टर आबांच्या छातीवर मुठीची हाडं रगडून ओरडत होती, "आजोबा! ओ आजोबा! डोळे उघडा!" आबांनी नुसतं तोंड वाकडं केलं. भाऊ डाव्या बाजूनं खांदा हलवत "आबा, ए आबा" करत होता. मी उजव्या बाजूनं "आबा, मी आलेय, बघा ना" करत होते. सिस्टरनं मान हलवली आणि पलीकडच्या पेशंटकडं गेली.

चाचा पलंगापाशी उभे राहून हे बघत होते. मग काठी फरशीवर आपटली.

"काय लावलंय हे? माणूस उठवताय का बैल?"

"उठत न्हाईत ते, चाचा," भाऊ म्हणाला.

"कसा उठंल? त्याला कॉल कुठं दिलाय तुम्ही? नुस्ता कालवा चाललाय." चाचांनी काठी आबांकडं केली. "इतकी सालं ह्यानं मला उठवलं. एक दिन हात लावला न्हाई, एक दिन नावानं हाक मारली न्हाई. आन् तुम्ही त्याची पोटची पोरं आसून…"

"मग तुम्हीच उठवा की," भाऊ कडूपणानं बोलला.

"मी उठणारा हाय बाबा. उठवणारा तो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटा, तू दे कॉल. तुझा आवाज त्याच्यावर गेलाय."

मला हे आधी सुचलं नव्हतं, याची आजही लाज वाटते. त्यांच्याच रीतीनं मी रोज उठले, दहावीपर्यंत. पण मला वाटत होतं, आबा झोपलेले नाहीत, आजारी आहेत. झोपेची रीत आजाराला कशी चालेल? चालते की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण चाचा एवढ्या हक्कानं बोलले की मी निमूट उभी राहिले आणि म्हणाले, "मनमाडची मालगाडी. साडेपाच वाजता. सही करा."

आवाज लागला तो वर्गातला. पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ दचकून उठून बसले. त्या खोलीत आबा सोडून सगळे राउझेबल होते.

"हळू," चाचा म्हणाले. "शाळा न्हाई ही. आन् उशाला काय उभी राहतीस? पायाकडं ये."

मी पायथ्याशी गेले. आणि तिथं उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की आबांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. मालगाडी चाचांची. मग आबांना सांगायचं काय? "चाचा, आबांची गाडी कुठली?" मी विचारलं. चाचांनी भावाकडं पाहिलं. त्यांनाही ते कधी सुचलं नसावं.

भाऊ खाली मान घालून उभा होता. तो हळूच म्हणाला, "कॉलला जायचंय म्हण."

सकाळपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी त्याच्याकडं पाहिलं, तर त्याचे डोळे भरले होते. मी पलंगाची कड धरली आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, "चार वाजून गेले. कॉलला जायचंय. सायकल भाईर हाय. सही करा."

काही झालं नाही. मी पुन्हा तेच म्हणाले, त्याच सुरात. तिसऱ्यांदा म्हणाले. भावानं लोखंडी स्टूल पलंगाच्या कडेला सरकवलं. मी त्यावर टेकले, सपाता गळून पडल्या, पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले, तळहात आबांच्या हातापाशी धरला आणि चौथ्यांदा म्हणाले, "कॉलला जायचंय. सही करा."

चादरीखाली अंगठा हलला. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलू नको म्हणून. मग पापण्या थरथरल्या आणि एक डोळा अर्धा उघडला. उजवा हात चादरीवरून सरकत माझ्या तळहातापर्यंत आला. मी वाट बघत राहिले, आता बोट टेकेल, आता नाव गिरवतील. पण हात माझ्या हाताजवळ येऊन थांबला आणि उलटा झाला. तळवा वर. तसाच माझ्यापुढं धरून ठेवलेला.

मला काही कळेना. पाणी मागतायत का? धरून बसवायचं का? मी भावाकडं पाहिलं, तोही बावचळला होता.

"अगं, तुझी सही मागतोय," चाचा कानाशी पुटपुटले.

मी त्या तळहातावर बोटानं माझं नाव गिरवलं. घट्टे कधीच गेले होते. कातडी लहान मुलासारखी मऊ झाली होती आणि बोट कुठं अडलं नाही. मी रडत होते, पण नाव पुरं केलं. आबांचा डोळा माझ्यावरच होता. जीभ जड होती, तरी शब्द कळले.

"पाय… खाली."

मी दांडीवरचे पाय काढून फरशीवर ठेवले. दोन्ही. आबांनी ते पाहिलं की नाही सांगता येत नाही, पण त्यांनी हात आखडून पोटावर घेतला आणि डोळा मिटला.

सिस्टर धावत आली. "उठले का?" भाऊ म्हणाला, व्हय. चाचा म्हणाले, व्हय. ती माझ्याकडं वळली, "ताई, तुम्ही नीट सांगा, नक्की काय झालं? मला लिहावं लागतं." आणि मला नीट सांगता येईना. आबा जागे झाले होते, की झोपेतच ड्यूटीवर जाऊन मला उठवून आले होते? मी त्यांना उठवायला बसले होते आणि सही माझी झाली होती. मी नुसती मान हलवत राहिले, ती होय म्हणून की नाही म्हणून ते मलाच ठाऊक नव्हतं.

सिस्टर शहाणी होती. तिनं चाचांना विचारलं, काय म्हणायचं असतं. मग ती पायथ्याशी गेली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आजोबा, सही करा."

आबांनी डोळे उघडले नाहीत. पण जरा वैतागून, अगदी आमच्या घरातल्या आबांसारखे म्हणाले, "झाली की तिची."

सिस्टरनं पेन काढून कागदावरच्या ‘नॉट’वर आडवी रेघ मारली आणि डॉक्टरांना फोन लावला. भाऊ नाक पुसत, गाडी नको म्हणून सांगायला बाहेर पळाला. चाचांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून घेतली आणि चहा सांगा म्हणाले. मी मात्र स्टुलावरून हलले नाही. फरशी गार होती. कितीतरी वेळ मी पाय उचलले नाहीत.